मास्तरांचा तळहाताएवढा कॉम्प्युटर

सकाळची बॅच चालू होती. बेळगावच्या खासबागेतल्या माझ्या टायपिंग क्लासात त्या वेळी सगळी मशिनं एकदम वाजत असतात, त्यामुळं दारात कोण उभं आहे ते मला आधी कळलंच नाही. मुलींनी टाइप करणं थांबवलं तेव्हा मी मान वर केली. इथल्या पॉलिटेक्निकमधल्या मारुतीमास्तरांचा मेहुणा सायकल भिंतीला न लावता तशीच हातात धरून उभा होता. म्हणाला, "आक्का, दाजी गेले... काल सांजच्याला. संकेश्वरच्या स्टँडवर." निपाणीहून बेळगावला येणारी बस तिथं पाच-दहा मिनिटं थांबते. मास्तर पाणी प्यायला खाली उतरले आणि बाकड्यावर बसले ते उठलेच नाहीत. कंडक्टरनं दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा खाली येऊन खांद्याला हात लावला. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती त्यांनी. मी मुलींना घरी जायला सांगितलं, मशिनांवर कापडं टाकली आणि कापडं टाकून झाल्यावर काय करायचं ते मला सुचेना...

या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. निपाणीत पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला तेव्हा त्यांच्या पॉलिटेक्निकमधले दोन-तीन जण बोलले. वक्तशीर होते, साधे होते, इलेक्ट्रॉनिक्सची प्रयोगशाळा त्यांनी आरशासारखी ठेवली होती. सगळं खरं आहे. पण ज्या एका गोष्टीचा त्यांनी पंधरा वर्षं ध्यास घेतला तिच्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. कदाचित ती सांगितली तर लोक हसतील असं त्यांना वाटलं असेल. म्हणून मी लिहिते आहे.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ते पहिल्यांदा क्लासात आले. शर्टाच्या खिशात स्क्रूड्रायव्हर, हातात वही. मला वाटलं मशिन दुरुस्तीला कुणी पाठवलं असेल. म्हणाले, "बाई, जरा तुमच्या मशिनांच्या कळा बघायच्या हाईत. मराठीच्या, कन्नडच्या आन् इंग्रजीच्या, तिन्ही." मी विचारलं, कशाला? तर शांतपणे म्हणाले, "हातात मावंल असा कॉम्प्युटर कसा आसंल, त्याचं चित्र काढतोय." त्या काळी कॉम्प्युटर म्हणजे मोठ्या शहरातल्या थंड खोलीत ठेवलेलं कपाट, एवढंच मी कुठंतरी वाचलं होतं. मी हसले. हसले ते हसले, वर म्हणाले, "आणि त्याच्यावर दहा बोटं कुठं ठेवायची हो मास्तर?" त्यांनी स्वतःचा तळहात उघडला, त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाले, "दहा न्हाय लागणार. दोन अंगठ्यांत भागंल." एका बोटानं टाइप करणाऱ्याला वर्गाबाहेर काढणारी मी, मला त्या बोलण्याचा चक्क राग आला होता!

पण ते येत राहिले. शनिवारी दुपारी क्लास रिकामा असे, तेव्हा तीन मशिनं शेजारीशेजारी ठेवून आम्ही बघत बसायचो. मराठीची अर्धी अक्षरं कुठं, कन्नडच्या मात्रा कुठं. माझं माहेर बेळगुंदीचं, शाळा मराठी, पण पोटापाण्यासाठी कन्नड टायपिंग शिकले होते, त्यामुळं माझी दोन्हीकडं गती होती. एका शनिवारी ते म्हणाले, "बाई, सगळा घोळ कळंवर अक्षर कोरल्यामुळं हाय. एकदा कोरलं की मशिन त्या भाषेचं झालं. मग दुसऱ्याला दुसरं मशिन. आपल्याकडं तर एका घरात तीन लागतील. अक्षर कोरायचंच कशाला? वर नुसती काच ठेवायची. अक्षर उजेडाचं करायचं. मी हातात घेतलं की मराठी उजळंल, शेजारच्यानं घेतलं की कन्नड." भाषेवरून आपल्या भागात काय काय होतं ते सांगायला नको. कुठल्या पाटीवर कुठली अक्षरं वर असावीत यावरून भांडणारे लोक मी दोन्ही बाजूंचे पाहिलेत. भांडण मिटवायला काचेचा उपाय शोधणारा हा एकच माणूस पाहिला.

त्यांच्याजवळ एक कॅल्क्युलेटर होता, मुंबईच्या मित्रानं दिलेला, लाल आकड्यांचा. तो त्यांनी इतक्या वेळा उघडला होता की त्याचे स्क्रू बोटांनी निघत. तो उन्हात नेऊन मला दाखवायचे. "बघा, उन्हात आकडे मरत्यात. शेतातल्या माणसाला ह्याचा काय उपयोग?" पुढं करड्या आकड्यांचे आले, ते उन्हात दिसायचे. मग एकदा उन्हावर चालणारा, सेल न लागणारा आला, तेव्हा तो कुणाचा तरी मागून घेऊन ते पॉलिटेक्निकमधून थेट क्लासात आले. भर बॅचमध्ये! खिडकीजवळ धरून म्हणाले, "आकडे उन्हावर जगाय लागले, बाई. आता अक्षरं जगायला कितीसा वेळ!" मुली तोंडावर रुमाल धरून हसत होत्या, आणि त्यांना त्याचं काहीच वाटत नव्हतं.

पॉलिटेक्निकमध्ये एकदा प्रदर्शन भरलं. मास्तरांनी आपली चित्रं एका टेबलावर मांडली. पातळ डबी, वर काच, काचेखाली अक्षरं, पाठीमागं ऊन पिणारी पट्टी. पाहुणे म्हणून बंगळूरहून एका कारखान्यातले इंजिनिअर आले होते. ते टेबलाशी थांबले तेव्हा सोबतचे एक वरिष्ठ म्हणाले, "हे आमचे स्वप्नाळू गृहस्थ." सगळे हसले. पाहुण्यांनी विचारलं, "कॉम्प्युटर हातात घेऊन माणूस करणार काय?" मास्तर म्हणाले, "साहेब, घड्याळ पयलं मनोऱ्यावर होतं. मग भिंतीवर आलं, मग मनगटावर आलं. मनगटावर बांधून काय करणार, असं तवाबी कुणीतरी विचारलंच आसंल." मी तिथंच उभी होते. पाहुणे हसले नाहीत. सेल किती लागतील, माहिती साठवणार कशात, असं बारीकसारीक विचारत राहिले, आणि मास्तरांना जिथं येत नव्हतं तिथं ते सरळ "न्हाय ठाऊक" म्हणत होते. महिन्याभरानं त्या पाहुण्यांचं पत्र आलं. कारखान्यात नवीन विभाग सुरू होतोय, अमुक तारखेला भेटायला या.

त्या तारखेच्या आठवडाभर आधी मास्तरांच्या आईला, सोनाबाईंना, निपाणीत अर्धांगाचा झटका आला. तंबाखूच्या वखारीत त्यांचं आयुष्य गेलं होतं. या टोकावरून त्या टोकाला हाक घालणारा त्यांचा आवाज, निपाणीत सगळ्यांच्या ओळखीचा. तो आवाज गेला. उजवा हात गेला, वाचा गेली, समज मात्र लख्ख राहिली. मास्तर बंगळूरला गेले नाहीत. दुसरी तारीख मिळावी म्हणून त्यांनी पत्र लिहिलं. ते मीच टाइप करून दिलं. त्याचं उत्तर आलं नाही.

रजा घेऊन ते निपाणीला राहिले आणि तिथं, घराच्या सोप्यात बसून, त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा चित्र सोडून वस्तू बनवली. पाटीएवढा पत्र्याचा डबा, वर काचेच्या आठ खिडक्या. खिडकी दाबली की खालचा बॅटरीचा बल्ब लागायचा आणि बझर वाजायचा. आईला वाचता येत नव्हतं म्हणून खिडक्यांत चित्रं. तांब्या, भाकरी, पांघरूण, पंखा, दुखणारं डोकं, बाहेर जायचं दार आणि मास्तरांचा स्वतःचा चष्मा घातलेला चेहरा. आठव्या खिडकीला काही सुचलं नाही म्हणून ती कोरीच. मी रविवारी भेटायला गेले तेव्हा ते जरा ओशाळून म्हणाले, "ह्याला कॉम्प्युटर म्हणू नका बाई. ह्याला बेरीजसुदिक येत न्हाय. बल्बांचा डबा हाय."

पण त्या डब्यावर एक भांडण चाललं होतं. सोनाबाई सारखी कोरी खिडकी दाबत होत्या. मास्तर तांब्या दाखवायचे, भाकरी दाखवायचे, त्या मान हलवायच्या आणि पुन्हा कोरी खिडकी. बझर वाजतच राहायचा. तीन दिवस हे चाललं होतं म्हणे. "हात चुकतोय तिचा," मास्तर म्हणाले. त्यावर सोनाबाईंनी माझ्याकडं अशा काही नजरेनं बघितलं की मीच उठून त्यांच्याजवळ बसले. त्यांनी डाव्या हाताचं बोट हिरड्यांवरून फिरवलं, एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं, आणि पुन्हा खिडकी दाबली. माझी आत्या रोज सकाळी तेच करायची. मी ओरडलेच, "अहो मास्तर, मिश्री मागताहेत त्या!"

मास्तर हळूच म्हणाले, "डॉक्टरनी बंद सांगितलीया." सोनाबाईंनी खिडकीवर बोट ठेवलं ते उचललंच नाही. बझर इतका वाजला की शेजारची बाई डोकावली. आधी मला हसू फुटलं, मग मास्तरांना, आणि शेवटी म्हातारी अर्ध्याच तोंडानं हसायला लागली... बऱ्याच दिवसांनी हसली, असं सुलोचनावहिनी, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. मास्तरांनी त्या खिडकीत मिश्रीची डबी काढली. चिमूटभर दिलीसुद्धा.

मला बसला पोचवायला आले तेव्हा वाटेत ते म्हणाले, "बाई, मी इसरलो नव्हतो. तिला मिश्री लागती हे मला ठाऊक न्हाय व्हय? मी मुद्दाम काढली न्हाय. मला जे ऐकायचं होतं तेवढ्याच खिडक्या मी केल्या." थोडं चालून म्हणाले, "यंत्र करणाऱ्यानं लई जपून राहायला पाहिजे." इतक्या वर्षांत त्यांनी मला काच, सेल, ऊन, अक्षरं याविषयी खूप सांगितलं, पण माझ्या मनात हेच वाक्य घर करून राहिलं आहे.

सोनाबाई त्यानंतर दीड वर्ष जगल्या. त्यांच्या डॉक्टरांनी तो डबा पाहिला आणि हुक्केरीकडच्या एका निवृत्त कन्नड शिक्षकांसाठी तसाच मागितला. त्यांना वाचता येत होतं, म्हणून चित्रांऐवजी मी कन्नडमध्ये ठळक शब्द लिहून दिले. काच तीच, बल्ब तेच, फक्त आतला कागद बदलला. मास्तर त्या कागदाकडं बघत राहिले. "बघा, जमलं का न्हाय? भाषा काचंखाली हाय." या वेळी त्यांनी दोन खिडक्या कोऱ्या ठेवल्या होत्या. त्यातल्या एका खिडकीत गुरुजींनी काय लिहून घेतलं ते त्यांच्या पत्नीनं नंतर कळवलं. 'पेपर'. रोज सकाळी पेपर यायला उशीर झाला की घरभर बझर!

बंगळूरचं पुढं काही झालं नाही. त्याबद्दल ते एकदाच बोलले. एका मासिकात जपानमधल्या खिशातल्या कॉम्प्युटरचा फोटो आला होता. इवल्याशा कळा आणि वर एका ओळीची काच. तो फोटो घेऊन ते आले, माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "केलं बघा कुणीतरी." आवाजात आनंदच होता. मग खुर्चीत बसले, चष्मा काढून पुसला. "गेलो आसतो तर... न्हाय, सांगता येत न्हाय. आईला टाकून गेलो आसतो तर मी काय बनवलं आसतं, कुणास ठाऊक." आणि पुन्हा फोटोकडं बघून, "पण कळा कोरलेल्याच हाईत. आन् सगळं इंग्रजी." ते काम अजून शिल्लक आहे, याचं त्यांना बरं वाटल्यासारखं दिसलं.

गेल्या रविवारी मी वहिनींना भेटायला त्यांच्या इथल्या बिऱ्हाडी गेले. त्यांनी मला मास्तरांची खोली दाखवली. टेबलावर पुठ्ठ्याचे तुकडे होते, एकसारखे कापलेले, तळहाताएवढे. मी म्हटलं, ही तर त्यांची यंत्रं. वहिनी म्हणाल्या, "व्हय. शेवटचे दोन-तीन म्हैने हेच चाललंतं. मला म्हणाले, खिशात बसंल. मी म्हटलं, तुमच्या खिशात बसंल, आमाला खिसा कुठं हाय? बाईमाणूस कमरंला खोवणार. तर म्हणाले, खोवून दाखव. रोज नवा तुकडा कापायचे आन् मला खोवाय लावायचे. मी भाकऱ्या थापाय बसले की कोपरा टोचायचा. टोचला म्हटलं की परत कात्री..."

मी ते तुकडे ओळीनं लावून पाहिले. पहिल्याचे कोपरे काटकोनात होते. मग जरा कापलेले, मग आणखी. शेवटच्या तुकड्याचे चारही कोपरे अगदी गोल होते, आणि त्यावर पेन्सिलीनं तारीख होती, ते गेले त्याच्या आदल्या दिवसाची. "हा टोचला का?" मी विचारलं.

"हा बघायचा राहिला," वहिनी म्हणाल्या. त्यांनी तो तुकडा माझ्या हातातून घेतला, निऱ्यांजवळ कमरेला खोवला, खाली बसून बघितलं, उठून बघितलं. मग तो तसाच कमरेला ठेवून चहा टाकायला आत गेल्या.