डाळीला नावं न ठेवणारी बराक

मी तुरुंगात अधिकारी आहे असं कळलं की अंबरनाथ पूर्वेतल्या आमच्या सोसायटीतल्या बायका डोळे मोठे करतात. माझ्याकडे सुरक्षा आणि गोपनीय माहितीचं काम आहे म्हटलं की त्या आणखी जवळ सरकून बसतात. त्यांना वाटतं, मी दिवसभर भिंतीला कान लावून उभी असते आणि खबरी माझ्या कानात कुजबुजत असतात. खरं सांगायचं तर माझं निम्मं काम म्हणजे डाळीच्या तक्रारी ऐकणं. हे सांगितलं की त्यांचे चेहरे पडतात. मला त्यात मजा येते, म्हणून मी आवर्जून सांगते.

तुरुंग कुठला ते लिहिणार नाही. सकाळी स्कूटी काढून जाते आणि संध्याकाळी परत येते, एवढं पुरे. माझ्याकडे महिला विभाग आहे. आतल्या बहुतेक बायका कच्च्या कैदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून चालू आहे अशा. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, वांगणी या पट्ट्यातल्याच. कधी कधी भाजी घेताना ज्यांना धक्का लागला असेल अशा.

मी नवी होते तेव्हा माझ्या आधीच्या बाईंनी सल्ला दिला होता की दोन-चार कैदी हाताशी धर, त्या तुला सगळं आणून देतील. मी धरल्या. त्यांनी आणूनही दिलं, पण प्रत्येकीने आपल्याला जी नकोशी होती तिचंच नाव आणून दिलं. नळावरच्या भांडणांचा हिशेब माझ्या हातून चुकता करायचा होता त्यांना. वैतागून मी तो नाद सोडला आणि सकाळच्या फेरीत नुसतं ऐकायला लागले.

बराकीच्या दारात उभं राहून "काय, जेवण कसं आहे?" एवढंच विचारायचं. मग जो गलका होतो तो ऐकण्यासारखा असतो. डाळीत पाणी आहे, खडे आहेत, काल होती तीच आज आहे. उल्हासनगरची एक जीन्स शिवणारी बाई यात सगळ्यांत पुढे. "मॅडम, ये दाल है क्या? यात डाळ शोधायला बॅटरी द्या ना आम्हाला!" बाकीच्या हसायच्या आणि तिच्यावर वरचढ काहीतरी बोलायच्या. मला हा गलका आवडतो. तक्रार करणाऱ्या बाईला आम्ही आत यायला हवे असतो. आत यावं, टोपात डोकवावं, चव बघावी. आम्ही आत नको असलो की डाळ एकदम सुधारते.

तर एका सोमवारी ती सुधारली. मी विचारलं आणि सगळ्या माना डोलल्या. "छान आहे मॅडम." दुसऱ्या दिवशीही छान. जीन्सवाली खाली बघत वाटी पुसत बसलेली. डाळ मी स्वतः चाखून आले होते. ती नेहमीसारखीच वाईट होती. कुठेतरी पाणी मुरतंय हे सांगायला खबरी कशाला हवा! बराकीत मोबाईल आला असणार, असं मी अधीक्षक साहेबांना सांगितलं आणि झडतीची परवानगी घेतली.

झडतीत मोबाईल सापडला. सापडला तो बारवी धरणाकडच्या एका आदिवासी पाड्यावरच्या ठाकर बाईच्या बोचक्यात, जुन्या लुगड्याच्या घडीत. ही बाई बदलापूर पूर्वेला एका घरी धुणंभांडी करायची. त्या घरातली सोनसाखळी गेली आणि संशय हिच्यावर आला. बराकीत ती कुणाच्या अध्यात नव्हती की मध्यात नव्हती. दारालगतच्या कोपऱ्यात बसून असायची, बोलायची तर फक्त आपल्या दोन पोरांबद्दल. पोरं आजीजवळ पाड्यावर होती. पुढच्या आठवड्यात तिच्या जामिनाची तारीख होती आणि मोफत मिळालेल्या वकीलबाईंना चांगली आशा होती.

"मना ठावं नाय, बाय," ती मला म्हणाली. "तो माजा नाय. मना चालवता पण येत नाय."

साहेबांनी शांतपणे कागद पुढे ओढला. "ज्याच्याकडे सापडलं त्याचं. गुन्हा नोंदवायचा. अहवाल तुम्ही करा."

गुन्हा नोंदवला की जामीन गेला, हे सांगायला वकील लागत नाही. मी म्हटलं, "साहेब, यात सिमकार्ड नाही. बॅटरी फुगलेली आहे. हा फोन चालूच होत नाही."

"सिम गिळलं असेल. या बायका काय काय गिळतात, तुम्हाला सांगायला नको."

ते चुकीचं बोलत नव्हते. मलाही सिम गिळलेल्या बायका माहीत होत्या. मी अहवाल लिहायला घेतला, आणि तो पुरा व्हायच्या आत दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या फेरीची वेळ झाली. बराकीच्या दारात गेले, नेहमीचा प्रश्न विचारला, आणि सगळ्या एका सुरात म्हणाल्या, "छान आहे मॅडम."

मी तिथेच थांबले. फोन तर गेला होता. मग आता डाळ कशाला छान असायला हवी? आतापर्यंत जीन्सवालीने माझ्या सात पिढ्यांचा स्वयंपाक काढायला हवा होता. म्हणजे खरा फोन अजून आतच होता, आणि आम्हाला मिळालेला तो मेलेला डबा कुणीतरी आमच्यासाठीच ठेवला होता. मला इतका राग आला की परत ऑफिसपर्यंत मी धावतच गेले.

साहेब हसले. "डाळीवरून तपास?"

"हो साहेब. पहिला फोनही डाळीवरूनच सापडला."

त्यांनी मला उद्या संध्याकाळपर्यंतची मुदत दिली. त्यानंतर अहवाल जाणार आणि बाई अडकणार.

पण आधी एक कोडं सोडवायचं होतं. आम्ही येणार हे आतल्यांना कळलं कसं? साहेब सोडले तर झडतीचं फक्त मला आणि आमच्या महिला शिपायांना माहीत होतं. त्या दिवशी जेवताना मी त्या मुलींच्या हातांकडे बघत होते आणि डोक्यात प्रकाश पडला. वळकट्या उलगडताना, पिशव्यांत हात घालताना काचेच्या बांगड्या अडकतात, फुटतात, लागतात. म्हणून झडतीच्या दिवशी आमच्या मुली सकाळीच बांगड्या काढून ड्युटी रूमच्या खुंटीला लावतात आणि मोकळ्या मनगटांनी बराकी उघडायला जातात. बराकीतल्या बायकांना दिवसभर दुसरं काम काय? त्या आमची मनगटं वाचत होत्या. आम्ही वर्षानुवर्षं दवंडी पिटून झडती घेत होतो! मला हसावं की कपाळ बडवावं कळेना. मी दोन्ही केलं.

दुसऱ्या दिवशी मी मुलींना सांगितलं की बांगड्या कुणी काढायच्या नाहीत, उलट ज्यांच्याकडे जास्त आहेत त्यांनी जास्त घाला. मग किचनच्या हवालदारांना गाठलं.

"आज बायकांच्या डाळीत मीठ घालू नका. हळदही नको, फोडणीही नको."

"मॅडम, आधीच शिव्या खातोय."

"आज जरा पोटभर खा. पाहिजे तर माझं नाव सांगा."

जेवणाच्या वेळी मी माझी थाळी घेऊन बराकीच्या दारातच बसले. बायकांना वाढली तीच डाळ मलाही वाढायला लावली. पहिला घास घेतला आणि खरं सांगते, तशी डाळ मी शत्रूलाही वाढणार नाही. जीन्सवालीने घास घेतला. तिचे डोळे विस्फारले, तोंड उघडलं, आता ती बोलणार इतक्यात तिने मान वळवली. माझ्याकडे नाही, खिडकीखालच्या जागेकडे. आणि तोंड मिटलं. मग दुसरी. मग तिसरी. प्रत्येकीचा राग ओठांपर्यंत यायचा, नजर खिडकीखाली जायची आणि राग परत पोटात जायचा.

खिडकीखाली ताई बसायच्या. वांगणीला न बांधलेल्या इमारतींमधले फ्लॅट विकल्याच्या केसमध्ये आलेल्या. गोड बोलणं, सावकाश चालणं, आणि बराकीतल्या दोन पोरी कायम त्यांच्या दिमतीला. ताईंनी ती डाळ शांतपणे भुरकली, माझ्याकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, "आज डाळ विशेष झालीय हो, मॅडम."

मला उठून नाचावंसं वाटलं. थाळी बाजूला ठेवली आणि शिट्टी वाजवली. बांगड्या किणकिणत आमच्या मुली आत शिरल्या. बराकीत कुणालाच हलायला वेळ मिळाला नाही, कारण कुणी आमची वाटच बघत नव्हतं.

ताईंनी आपलं सामान स्वतःच मांडून दिलं, दोन साड्या, चादर, पोथी, तेल, कपड्यांच्या साबणाची वडी. मुली एकेक वस्तू झटकत होत्या आणि मी त्या वडीकडे बघत होते. ताईंचे कपडे त्या दोन पोरी धुवायच्या, स्वतःच्या साबणाने. नळावर ते मी रोज बघत होते. मग ही वडी कशासाठी? कोपरे टोकदार, वरची छापाची अक्षरंही जशीच्या तशी. मी ती उचलली आणि गुडघ्यावर ठेवून मोडली. आत काडेपेटीएवढा फोन होता, चालू, आणि त्यात सिमही होतं.

ताईंचं हसू तसंच राहिलं, फक्त रंग उतरला. एका शिपाई मुलीची बांगडी फुटून मनगटाला ओरखडा आला होता. ती तो चोखत हसत होती.  मग जीन्सवाली उभी राहिली.

"मॅडम, अब बोलू? ती डाळ होती की भांडी धुतलेलं पाणी? माणसाला देतात का असलं? कुत्रा पण तोंड लावणार नाही!"

आणि सगळी बराक फुटली. डाळ, पोळ्या, पाणी, पंखा, आमचे मागचे पुढचे सगळे अपराध एका दमात बाहेर आले. मी मध्ये उभी राहून शिव्या खात होते आणि मला हसू आवरत नव्हतं. इतकं गोड माझ्या कानांनी या नोकरीत दुसरं काही ऐकलं नव्हतं. त्या गलक्यातच दिमतीतल्या एका पोरीला रडू फुटलं आणि तिने सगळं सांगून टाकलं. मोकळी मनगटं दिसल्याबरोबर ताईंनी तो बंद फोन ठाकर बाईच्या बोचक्यात कोंबायला सांगितला होता. ती कुणाशी बोलत नाही, तिच्या बाजूने कोण बोलणार, म्हणून तीच निवडली होती.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, साबणाचे दोन तुकडे जोडून बघितले आणि माझा पहिला अहवाल मला परत दिला. "नवा लिहा. आणि किचनला सांगा, उद्यापासून मीठ घाला." त्या माणसाकडून एवढं कौतुक म्हणजे पुष्कळ झालं.

पुढच्या आठवड्यात ठाकर बाईला जामीन झाला. कागद संध्याकाळी गेटवर पोचले. बाहेर पाड्यावरची पंधरा-वीस माणसं टेम्पो करून आली होती, तिची दोन्ही पोरंही त्यांत होती. ती बाहेर पडली तशी बायकांनी तिला अक्षरशः उचलून टेम्पोत घेतलं. माझीही ड्युटी संपली होती. मी टेम्पोच्या मागे स्कूटी लावली आणि मागच्या फळीवरून बायका मला हात करत राहिल्या. अंबरनाथला माझं वळण आलं. मी वळले नाही. बदलापूर आलं, तरी टेम्पोच्या मागेच. मी जिंकले होते आणि एवढ्यात घरी जाऊन कुकर लावायची माझी अजिबात इच्छा नव्हती.

बारवीच्या रस्त्याला लागल्यावर टेम्पो थांबला. बाई खाली उतरली आणि थोरल्या मुलीला हाताला धरून माझ्याकडे घेऊन आली. सात-आठ वर्षांची असेल. ती आईपासून हातभर लांब चालत होती आणि तिचा हात आईच्या हातात नुसता लोंबत होता.

"ही माझ्याजवल येत नाय," बाई म्हणाली. "शालेत पोरा हिला बोलतात, तुजी आई चोर हाय. तू सांग ना बाय. तुजा ती आयकेल."

साखळीचा खटला अजून उभाच होता. त्याचा निकाल कोर्ट देणार. माझ्या हातात फक्त फोनचं प्रकरण होतं आणि तेवढ्यावरच बोलायचा मला अधिकार होता. मी जॅकेटची चेन उघडून ते काढलं, म्हणजे खाकी आणि खांद्यावरचे तारे नीट दिसतील. खाकी तुरुंगाची की पोलिसांची, हे तिला कळणार नव्हतं. मग रस्त्यातच तिच्यासमोर उकिडवी बसले.

"मी पोलीस आहे. दिसतंय ना? मी स्वतः तपास केलाय. तुझी आई चोर नाही."

मुलीने आधी ताऱ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मास्तरांना पण सांगशील?"

"सांगेन. शाळेत येऊन सांगेन."

तिने मान हलवली, वळली आणि आईच्या कमरेला इतक्या जोरात मिठी मारली की ती बाई दोन पावलं मागे गेली.