फंगनीसाठी फुंकलेली सनई

आमच्या गावात अशी बोलवा आहे, की हाओ मानत्सांग आजोबांनी शियानच्या स्टुडिओत सनई फुंकली तेव्हा ऐंशी वादक ढसाढसा रडले आणि संगीतकार खुर्चीवरून खाली कोसळला. न्हाव्याच्या दुकानात तो नुसता कोसळतो. पिठाच्या गिरणीवर पोचेपर्यंत त्याला दवाखान्यात नेलेलं असतं. वसंताच्या सणापर्यंत बहुतेक मरेलही बिचारा.

मी तिथं होते. कुणी रडलं नाही. व्हायोलिनवाल्या एका बाईनं कानात बोटं घातली, एवढंच. आमची सुओना, म्हणजे पितळी तोंडाची सनई, या डोंगरावरून त्या डोंगरावर ऐकू जावी म्हणून घडवलेली. बंद खोलीत ती कानफटात मारते. आणि संगीतकार लू खुर्चीतच होते. कॉफी पीत म्हणाले, "छान, म्हणजे कसं, फारच... मातीतलं." त्यांचं प्रत्येक वाक्य 'म्हणजे कसं'ला अडखळायचं, जसं खेचर नाल्याशी अडतं.

सिनेमा होता जुन्या राज्यांच्या लढाईचा. लढाई संपलीय, गवत जळलंय, माणसं पडलीत, आणि त्यावर एक सनई. त्यासाठी त्यांनी आमच्या गावातून आजोबांना बोलावलं. माझे बाबा त्यांच्या ताफ्यात झांजा वाजवतात, गाडी त्यांचीच, म्हणून मागच्या सीटवर मी.

आजोबांच्या कानाला यंत्र लावलं. त्यात टिकटिक. आजोबांनी ते काढून ठेवलं.

"कानात घड्याळ घालून मढं कसं पोचवायचं हो?"

"उस्ताद, वाद्यमेळ सगळा त्या टिकटिकीवर चालतो. म्हणजे कसं, ऐंशी माणसं आहेत."

"माझ्या मागं अख्खं गाव चालतं. कोण टिकटिक करतं? बरं, ते राहू द्या. मेलंय कोण?"

लूंनी चष्मा सारून कागद चाळले. "चाळीस हजार सैनिक."

"नाव सांगा."

"कुणाचं?"

"कुणाचंही एकाचं. नावाशिवाय फुंकत नाही मी."

आमच्याकडं असंच असतं. मयताचं नाव सनईच्या पितळी तोंडात आधी हळूच बोलायचं, मग फुंकायचं. लू हसले. "उस्ताद, तुम्हाला हवं ते ठेवा ना!"

आजोबांनी सनई उलटी धरली, तोंड तिच्या तोंडाशी नेलं. काचेच्या अलीकडं बसलेल्या आम्हालाही माइकमधून स्पष्ट ऐकू आलं. "फंगनी."

बाबांचा चेहरा चुन्यासारखा झाला.

फंगनी म्हणजे हाओ आजी, आजोबांची बायको. साथीच्या हिवाळ्यात गेल्या. वाजंत्र्यानं आपल्या घरच्या मयताला वाजवायचं नसतं, तेव्हा तो वाजंत्री नसतो, घरचा असतो. शेजारच्या गावचा ताफा येतो, एक छदाम न घेता. पण त्या हिवाळ्यात प्रत्येक गावानं रस्ता अडवायला वेशीवर मातीचा ढीग टाकला होता. ताफा आला नाही. एक तीनचाकी, चार माणसं आणि शवपेटी. आमच्याकडं दारुड्याला, भांडखोराला, सावकाराला, सगळ्यांना सनई मिळते. गावातली माणसं दाराशी येऊन उभी राहतात, मग जाणाऱ्याला वाट सापडते म्हणतात. आजी मुक्याच गेल्या, सनईविना. दारं बंद होती.

बाबा काचेचं दार ढकलून आत घुसले. "काका, काय करताय? घरच्यासाठी फुंकणाऱ्यानं सनई कायमची खाली ठेवायची असते!"

"माहितीय. तुला कुणी शिकवलं ते?"

"अहो, मग?"

"मग काय? सिनेमा किती लोक बघतील, विचार या चष्मेवाल्याला. गावानं नाही ऐकलं, देश ऐकेल. हो बाजूला."

आणि फुंकली. मी गावातल्या प्रत्येकाची नक्कल करते, आजोबांच्या सनईचीही तोंडानं करते. ती, त्या दिवसाची, मला आजवर जमलेली नाही. जमवून बघितलीही नाही.

सिनेमा वसंताच्या सणात तालुक्याला लागला. अख्खं गाव गेलं. आजोबांनी नवा कोट घातला होता, शेजारची खुर्ची रिकामी ठेवायला लावली होती. लढाई झाली. गवत जळलं. घोडा एकटाच हिंडत होता. मग व्हायोलिनं आली, मागून शंभर गळे, ढोल, आणखी व्हायोलिनं. सनई आली नाही. लोक सूर्यफुलाच्या बिया फोडत होते. पडद्यावरची नावं संपली, दिवे लागले, झाडूवाली आली, तरी आजोबा बसून होते.

बाबांनी लूंना फोन लावला. "दिग्दर्शक म्हणाले, म्हणजे कसं, प्रेक्षकाला जरा झोंबतं ते. पण उस्ताद ग्रेट! त्यांना सांगा हं."

बाबांनी सांगितलं नाही. आजोबांनीही विचारलं नाही.

बसस्टँडवर मला राहवेना. "आजोबा, सिनेमात वाजलीच नाही, मग नियम मोडलाच कुठं? शेजारच्या मा काकूंच्या लेकीचं लग्न आलंय. वाजवाल तुम्ही. लावता पैज?"

"कशाची?"

"मटणाच्या रश्शातल्या शेवयांची. वाडगाभर."

"मोठा वाडगा," आजोबा म्हणाले.

लग्नात परगावचा ताफा आला. त्यांचा सनईवाला पोरगा श्वास घेताना सूर सोडायचा, वरात पायरीवर ठेचकाळल्यासारखी चालत होती. मा काकू आजोबांच्या पायाशी बसल्या. "भावजी, एकच. नवरी दारात येईपर्यंत." बाबांनी आजोबांच्या घरून सनई आणून त्यांच्या मांडीवर ठेवली. आजोबांनी तिच्यावरचं फडकं सोडलं.

मग त्यांनी ती पुन्हा गुंडाळली.

"मी फंगनीसाठी वाजवलंय. त्यांनी कापलं म्हणून मी काय वाजवलं नाही होय?" सनई बाबांच्या हातात देऊन ते माझ्याकडं वळले. "चल गं पोपटे. मोठा वाडगा."

बाजाराच्या तोंडाशी ठेला आहे. मोठा वाडगा, वर जास्तीचं मटण, तिखट वेगळं. आजोबांनी रस्सासुद्धा ठेवला नाही, आणि मला एक घास घे म्हणालेही नाहीत.