बावड्याला द्यायची बोट

"वरनं बघू नका. डोळा पाण्याला लावा."

एवढं म्हणून आबा गिऱ्हाइकाच्या खांद्यावर हात ठेवायचे आणि त्याला खाली दाबायचे. गिऱ्हाईक डॉक्टर असो नाहीतर प्लॉटिंगवाला, त्याची हनुवटी टेबलाला टेकेपर्यंत जहाजाची किंमत म्हणून सांगायची नाही. बोट पाण्यावर असते, तर माणसाचा डोळाही पाण्याच्या रेषेतच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. तुम्हीही कधी असं वाकून बघा. ते हातभर लाकूड एकदम अंगावर येतं. माझ्याही अंगावर आलं होतं, आणि मी काही सहज भुलणारी बाई नाही.

माझं बारामतीत काचेचं आणि फोटोफ्रेमचं दुकान आहे. वडिलांचं होतं, आता माझं. आबा मूळचे शेळगावचे. नौदलात इंजिनखोलीत नोकरी केली, मग एका कारखान्यात बॉयलर सांभाळला, आणि बायको गेल्यावर जळोचीला दोन खोल्या घेऊन एकटे राहायला लागले. तिथं ते लढाऊ जहाजांच्या हुबेहूब प्रतिकृती करायचे आणि त्यांना काचेची पेटी मी करून द्यायची.

"ताई, काचेत बुडबुडा हाय."

"आबा, तुमच्या डोळ्यात असेल."

"डोळ्यातला मला ठावं हाय. ह्यो काचंतला हाय."

मग मुकाट्यानं काच बदलायची. दुसरं करणार काय!

काम मात्र असं, की बघणाऱ्यानं गप्प बसावं. तोफांच्या नळ्या इंजेक्शनच्या सुयांच्या. कठड्याचे खांब टाचण्यांचे. नांगराच्या साखळीची कडी न् कडी पितळी तार वळवून केलेली. आणि प्रत्येक जहाजावर, कुठेतरी आडोशाला, एक दोरी बांधलेली असायची. दोरीवर खलाशांचे वाळत घातलेले कपडे. दोन बनियन आणि एक पट्ट्यापट्ट्यांची चड्डी.

आबांच्या किमतीचं सगळं गणित त्या चड्डीवर होतं. ज्याला ती आपण होऊन दिसायची आणि जो बघून हसायचा, त्याला किंमत निम्मी. ज्याला नाही दिसली त्याला पूर्ण. "बघितलं न्हाय तर दंड नगो का पडायला?" असं ते मला म्हणायचे.

एक प्लॉटिंगवाला आला होता. गळ्यात साखळी, हातात दोन मोबाईल. जहाजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वीत टाकत गेला आणि म्हणाला, "आबा, फुटाला काय भाव?"

"तुमी गुंठ्यानं घ्या की. सातबारा बी काढून देतो."

तो बापडा खरंच विचारात पडला.

दुसऱ्या एकानं मोबाईलवर प्लॅस्टिकचं तयार जहाज दाखवलं, स्वस्तातलं. मला वाटलं, आता आबा भडकणार. त्यांनी चष्मा लावून फोटो मोठा करकरून बघितला. म्हणाले, "ह्ये बी कुणीतरी डोकं लावून केलंय. घेऊन टाका. पर घरी गेल्यावर वाकून बघा बरं का."

आणि ती इंदापूरची शिक्षिका! सकाळी आली ती टेबलाशी बसूनच राहिली. चहा निवला, त्यावर साय धरली. एकदम खुदकन हसली. आबांनी किंमत तर निम्मी केलीच, वर टेम्पोचं भाडंही स्वतः भरलं. मी चिडले. "अशानं माझ्या काचेचे पैसे तरी सुटतील का तुमचे?"

"सुटलं न्हाय तर न्हाय. बघितलं न्हवं तिनं!"

एक बोट मात्र कुणालाच विकायची नव्हती. मागच्या खोलीत, चादरीखाली, जवळपास खाटेएवढी लांब. इंदापूरच्या एका हॉटेलवाल्यानं ती एकदा बघितली. माणूस रसिक होता, न सांगताच वाकला, दोरीही त्याला दिसली. नवी मोटरसायकल येईल एवढी रक्कम त्यानं बोलून दाखवली. आबा म्हणाले, "झाली न्हाय अजून."

मला तर ती केव्हाच पुरी झालेली दिसत होती. तो गेल्यावर मी विचारलं, "काय राहिलंय हिचं?" आबांनी नखानं बोटीच्या पोटाची एक फळी सरकवली आणि आत टॉर्च धरला.

आत इंजिनखोली होती. नळ, चाकं, वाफ मोजायची घड्याळं, घड्याळांत काटे. वरून खाली येणारी उभी लोखंडी शिडी. आणि एका चाकापाशी, हात वर करून उभा असलेला, अर्ध्या करंगळीएवढा माणूस.

"ह्यो बावडा गावचा. माझा दोस्त. आमी दोघं संगंच भरती झालो."

मग तुकड्यातुकड्यांनी कळलं ते असं. वाफेचा नळ फुटला आणि तो दोस्त तिथंच गेला. लग्नही व्हायचं होतं त्याचं. घरी आली ती बंद पेटी. आईला तोंडसुद्धा बघू दिलं नाही. पेटीबरोबर आबा आले होते. त्या माउलीनं समुद्र बघितला नव्हता, बोट बघितली नव्हती. तिनं आबांना एवढंच विचारलं, "माझा लेक कुठं उभा हुता, तेवढं दाव मला." आबांना तोंडानं सांगता येईना. "करून दावतो, मावशी," असं म्हणून बसले. आधीची सगळी जहाजं म्हणजे या एका बोटीसाठी हात बसवणं होतं.

"त्या आजी आहेत अजून?"

"हाय की. नव्वदीला टेकलीया. दिवाळीला जाऊन येतो मी."

"अहो, मग दाखवा की! कशाची वाट बघताय?"

"झाली न्हाय अजून."

पुढे प्रत्येक खेपेला माझं तेच टुमणं आणि त्यांचं तेच उत्तर. कधी रंग वाळायचाय, कधी झाकण बसत नाही. शेवटी मी तडकले. "आबा, म्हातारं माणूस आहे ते. उद्या काही झालं तर ही बोट काय चुलीत घालणार आहात?"

ते बराच वेळ हातातली कानस पुसत बसले.

"ताई, मी खाली न्हवतो. मी वर चहा आणाया गेल्तो. चहा घिऊन शिडीवर पाय ठिवला आन् खाली आवाज झाला." कानस खाली ठेवून म्हणाले, "म्हातारी बघंल. लेकाला बघंल. मग इचारंल, तू कुठं हुतास? काय सांगू? चहा आणत हुतो म्हणू?"

मी काच उचलली आणि घरी आले.

आणि पुढच्याच हिवाळ्यात आबा गेले. शेजाऱ्यांनी दार वाजवलं तर उठलेच नाहीत. मी जळोचीला पोचले तेव्हा टेबलावर डिंकाची बाटली उघडीच होती. मी झाकण लावलं. का लावलं, माहीत नाही. आता कोण वापरणार होतं ती!

दहाव्यानंतर शेळगावचा पुतण्या दुकानात आला. सरळ पोरगा, भाजीपाल्याचं बघणारा. "ताई, त्यो हॉटेलवाला पुन्हा आलाय. पैकं वाढवतोय. पर आबा ती बोट कुणाला द्यायची म्हणत हुते का?"

"बावड्याच्या आजींना."

"मग चला. टेम्पो हाय दारात."

असा पुतण्या सगळ्यांना मिळो. निघताना आम्ही बावड्याला फोन केला, तर आजींच्या धाकट्या मुलाकडची नातसून म्हणाली, "या, पण आबा गेल्याचं आजींना बोलू नका. आम्ही सांगितलं नाही. त्यांना सोसायचं नाही."

आजी खाटेवर बसल्या होत्या. बोट त्यांच्या शेजारीच टेकवली. मी पेटीची काच काढली, फळी सरकवली, टॉर्च लावला. आजींनी जाड चष्मा सारखा केला आणि आत बघितलं. त्यांचं बोट त्या चाकापाशी गेलं.

"ह्यो माझा?"

"हो, आजी."

"ताठ उभाय." खूप वेळ त्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आन् शिडीवर कोण ह्यो?"

मी टॉर्च वळवला. मी बघितली होती तेव्हा शिडी रिकामी होती. आता तिच्यावर एक माणूस होता. एका हातानं कठडा धरलेला, दुसऱ्या हातात जोंधळ्याएवढे चहाचे दोन मग. तोंड खाली, इंजिनखोलीकडे. त्याचा रंग अजून नवा होता.

आबांनी बोट पुरी केली होती. त्यांना ती घेऊन इथं यायचं होतं.

आबा गेल्याचं सोडून मी सगळं सांगितलं. हे आबा आहेत. ते चहा आणायला वर गेले होते. आजी काय म्हणतील, या धास्तीनं मी टॉर्च तसाच धरून ठेवला.

"चहाचं पेलं दोन हायती," आजी म्हणाल्या.

"हो."

"म्हंजी येतच हुता की त्याच्याकडं." त्यांनी चष्मा काढून पदरानं डोळे पुसले. "दर दिवाळीला यायचा. माझ्या तोंडाकडं बघायचा न्हाय. मला वाटायचं, माझंच काय बोलणं लागलंय त्याला. एवढंच हुतं व्हय?"

आजींनी दाराकडं मान वळवली.

"कुठं हाय त्यो? गाडीत बसलाय न्हवं? लाजतंय येडं. बोलवा त्याला आत. आगं, चहा टाक."

नातसून खाली बघत उभी राहिली. पुतण्या उंबऱ्याबाहेर गेला आणि टेम्पोला पाठ लावून उभा राहिला.

"बोलवा की," आजी पुन्हा म्हणाल्या.