मोरीच्या पाण्याची शेती

वाया चाललेलं सांडपाणी बघून ज्याचा जीव हरखतो, असा एकच माणूस मी उभ्या जन्मात पाहिला. दुर्दैवाने तो माझ्या मावशीचा नवरा होता.

शिधावाटपाच्या दुकानावरची कारकुनी संपवून काका चौलला परतले ते खिशात एका मासिकाचं पान घेऊनच. परदेशात म्हणे घाण पाण्यात शेवाळ वाढवतात, वाळवून त्याचं पीठ करतात, आणि त्या पिठात डाळीपेक्षा जास्त कस असतो. झालं. ज्यांना परसातली तोंडली कधी दिसली नाहीत, ते देशाचा अन्नप्रश्न सोडवायला निघाले. वाडीत गुडघाभर खोल तीन हौद खणले. आंघोळीचं, खरकट्या भांड्यांचं, गोठ्यातलं, सगळं पाणी तिकडे वळवलं. तेवढ्याने भागेना म्हणून कोळीवाड्यातून मासळी धुतलेलं पाणी कावडीने आणू लागले. तिथली एक म्हातारी म्हणाली, "काका, मावरा सोडून पानी नेनारं गिराईक तुमीच पयले." काकांना ती शाबासकी वाटली.

आता चौलात शेंबड्या पोरालाही कळतं की मोरीचं पाणी मोरीवरच्या माडांचं. आंघोळ माणसाने करायची आणि नारळ माडाने द्यायचे. मावशीच्या मोरीवर चार माड होते आणि त्यांच्या नारळांवर तिचा एकटीचा हक्क होता. घरातलं तेल, आमटी, लेकीबाळींच्या ओट्या, सगळं त्यातून निघायचं. ऐन उन्हाळ्यात त्यांचं पाणी तुटलं आणि कोवळी फळं गळू लागली. मावशी रोज सकाळी ती टोपलीत वेचायची.

"अहो, माड जातील," ती म्हणाली.

"देश उपाशी आहे," काका म्हणाले.

हौद मात्र हिरवेगार झाले. आता ते शेवाळ पाण्यातून काढायचं कसं, हे बहुधा मासिकाच्या पुढच्या पानावर असावं, आणि ते पान काकांकडे नव्हतं. धोतराच्या चार पदरी घडीतूनही ते पाण्याबरोबर खाली उतरायचं. मग तुरटी फिरवून गाळ बसवायचा, तो दिवसभर वाटीने उपसायचा, सुपात वाळवायचा. एवढ्या खटाटोपातून निघालं मूठभर पीठ. मी अलिबागच्या कचेरीतला कारकून. गड्याची मजुरी आणि तुरटी धरून त्यांना सांगितलं, "काका, यापेक्षा बदाम स्वस्त पडतात."

"बदाम मोरीत पिकतात का?" ते म्हणाले.

त्या पिठाचं थालीपीठ गाईने हुंगलं आणि मान फिरवली. काका मात्र चार दिवस तेच खात होते. पोट उत्तम आहे असं सांगायचे, पण त्यांच्या परसाकडच्या फेऱ्या आम्हाला दिसत होत्या.

शेवटी हौद फोडायला मी कुदळ उचलली, तर मावशीनेच अडवलं. "दुकानात धान्य संपलं की लोकांना रिकाम्या पिशव्या घेऊन परत पाठवायचं काम यांचं होतं," ती म्हणाली. "त्या दिवशी घरी येऊन जेवत नसत. तू हात लावू नकोस." आणि घागर उचलून ती विहिरीकडे गेली. साठीची बाई, रोज वीस-वीस घागरी माडांना घालत होती. काका हौदावर ओणवे, त्यांना याचा पत्ताच नव्हता. मला त्यांचा मनस्वी राग आला.

मग एका दुपारी मावशी भरल्या घागरीसकट वाटेतच मटकन खाली बसली. काकांनी ते पाहिलं. तिला हात धरून ओटीवर नेलं, परत आले, आणि माझी कुदळ घेऊन तिन्ही हौदांचे बांध स्वतः फोडले. हिरवं पाणी पाटाने माडांच्या आळ्यांत शिरलं. शेवटचा थेंब जाईपर्यंत ते तिथेच उभे होते.

पुढच्या वर्षी चारही माड असे लगडले की नारळ उतरवायला आलेला पाडेकरीही बघत राहिला. मावशीला कोण आनंद झाला. "हे तुमच्या शेवाळाचे नारळ बरं का," ती कौतुकाने म्हणाली.

काकांनी ढिगाकडे एकदा बघितलं. "ज्याचा माड आहे, त्याला नारळ मिळतोच," ते म्हणाले. "पिशवी घेऊन येणाऱ्याकडे माड नसतो."

त्यांना मी जन्मभर हसलो. त्या दिवशी मात्र खाली मान घालून नुसते नारळ सोलत बसलो.