भाभींची प्लेट

तो प्रयोगशाळेत काम करतो आणि दर गुरुवारी खाम नदीतून बाटलीभर घाण पाणी आणतो. मी नाकाला रुमाल लावला की हसतो. "सर, पाणी जितकं गंदं, तितकी दवा असरदार." त्या पाण्यातले विषाणू माणसाला काही करत नाहीत, जंतूंना मारतात. पण प्रत्येक जंतूला नेमका त्याचाच विषाणू लागतो, आणि तो शोधत बसावं लागतं.

माझ्या बायकोच्या पायाच्या जखमेवर एकही औषध चालेना, तेव्हा त्या जखमेतले जंतू त्याच्याकडे आले. त्यानं तिला कधी पाहिलं नाही, तरी भाभीच म्हणतो. तिच्या जंतूंचा विषाणू शोधायला करमाडचा नाला झाला, बिडकीनचं गटार झालं. तेवढं थांबणं तिला जमलं नाही. दिवाळीआधी ती गेली.

त्यानं शोध सोडला नाही. तिचे जंतू दर महिन्याला नव्या प्लेटवर वाढवतो, झाकणावर तिचं नाव लिहितो. मी जाऊन लांबून बघतो. तिच्या अंगातलं जिवंत असं तेवढंच उरलंय.

काल त्यानं प्लेट उजेडाकडे धरली. जंतूंच्या पिवळट सायीत एक स्वच्छ गोल ठिपका पडला होता; तेवढ्या जागेतले जंतू मेले होते.

"मिळाला, सर! लई उशीर झाला, पण मिळाला."

त्याचे डोळे भरले होते. मी म्हटलं, "एक प्लेट तशीच ठेवाल का?"

"ठेवावीच लागंल," तो म्हणाला. "नायतर हा विषाणू जगंल कशावर? त्याला भाभींशिवाय दुसरं काय चालतच नाय."

आणि नव्या झाकणावर तिचं नाव लिहू लागला.