पाहुण्या पोरांचा रकाना

हातात कुठलाही कागद आला की आमच्या नर्सबाई आधी तो उलटा करून बघत. सरकारी परिपत्रक असो, लग्नाची पत्रिका असो, नाहीतर औषधाच्या बाटलीभोवतीची चिठ्ठी असो. मागची बाजू आधी, पुढची नंतर. मागे काही छापलेलं नसलं तर त्यांना जास्तच संशय यायचा. "कोरं हाय," म्हणायच्या. "म्हंजे काय लिवायचं त्ये अजून ठरलं न्हाई त्यांचं."

मुलांनो, अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण मनात त्यांना जरा हसतो आणि त्यांच्यासमोर उगाच खिसे चाचपतो. तुमच्यातली एक जण आता परदेशात सार्वजनिक आरोग्य शिकते आहे. तिनं परवा मला तिच्या पाहणीचा छापील फॉर्म पाठवला, आणि मी तो हातात आल्याबरोबर उलटा करून पाहिला. म्हणून हे लिहायला बसले. बाईंचं नाव मात्र लिहीत नाही. कागदावर आपलं नाव आलेलं त्यांना कधीच आवडलं नाही.

शहात्तर साल होतं. साताऱ्याच्या घरातून निघून, एम.बी.बी.एस. होऊन, मी सांगलीकडच्या कॉलेजात सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला होते. पहिलं वर्ष वर्गात गेलं. संख्याशास्त्र, साथीचे रोग, पोषण, सगळं इंग्रजीतून. दुसऱ्या वर्षी प्रबंधासाठी कवठे महांकाळच्या पलीकडच्या एका गावात आठ महिने राहायचं होतं. माझा विषय होता लहान मुलांचा रातांधळेपणा. पाच वर्षांखालचं प्रत्येक मूल मोजायचं, डोळे तपासायचे, 'अ' जीवनसत्त्वाचा चमचाभर डोस द्यायचा आणि सहा महिन्यांनी पुन्हा. मला घरं दाखवण्याचं काम तिथल्या उपकेंद्राच्या नर्सबाईंवर होतं.

वय पन्नाशीचं, अंग काटकुळं, पायांत पुरुषी कॅनव्हासचे बूट. नवरा पलटणीत होता, लढाईत गेला. त्याची खाकी पिशवी त्यांच्या खांद्यावर असायची आणि तिच्यात लसीपासून भाकरीपर्यंत सगळं. पहिल्या दिवशी त्यांनी मला बसा म्हणण्याआधी विचारलं, "किती दीस?"

"आठ महिने."

"मागल्या साली एक सायेब आलं हुतं, आठ महिन्यांचं सांगून. आठव्या दिशी त्यांच्या पोटात दुखाय लागलं."

मी माझं कार्ड दाखवलं. आईचं नाव, मुलं किती, वयं, काय खातात, संध्याकाळी दिसतं का. रकाने मी स्वतः पट्टीनं आखले होते. बाईंनी कार्ड उलटं केलं, कोरी बाजू पाहिली आणि परत दिलं.

पुस्तकात शिकवल्याप्रमाणे मी प्रत्येक पाचवं घर घेणार होते. ते ऐकून बाई ओट्यावर टेकल्याच. "पाचवंच? आन् चवथ्या घरातल्या पोरानं काय घोडं मारलंय?" नमुना म्हणजे काय हे मी त्यांना भाताच्या शितावरून समजावलं. त्या म्हणाल्या, "शितं एका पातेल्यातली असत्यात, डॉक्टरबाई. ही घरं काय एका पातेल्यात शिजत्यात व्हय?" तीन दिवसांत मी सगळी घरं घ्यायला लागले.

आणखी एक गंमत सांगते. पाणी उकळून पिता का, असा माझा एक प्रश्न होता. पहिल्या वीस घरांत वीस होकार आले. मी खुशीत होते. बाई म्हणाल्या, "टँकरचं पाणी आठ दिसांनी येतंय, जळणाला काटकी न्हाई, आन् ह्या उकाळत्यात? व्हय म्हणलं की पावणी लवकर उठती, म्हणून म्हणत्यात." संध्याकाळी मी तो प्रश्न खोडला, तोही पट्टी लावून.

इथपर्यंत मी त्यांना हसत होते. पुढं मलाच त्यांचा संशय यायला लागला.

ते आणीबाणीचं वर्ष होतं. कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनांचा कोटा वाटून दिलेला होता. शिक्षक, ग्रामसेवक, नर्स, सगळ्यांनी 'केसेस', म्हणजे ऑपरेशनला माणसं, आणायच्या; दोनांवर मुलं असली की नाव यादीत. तीन मुलांचा बाप लांबून जीप दिसली की ज्वारीत शिरायचा. माझ्या कार्डावर मात्र त्या गावात तीन मुलांचं घरच नव्हतं. जिथं जावं तिथं "दोन". दोरीवर पाच झबली वाळत असायची आणि आई शांतपणे सांगायची, "दोन."

मग माझ्या लक्षात आलं. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी बाई खणखणीत आवाजात ओरडायच्या, "आवं, कालेजच्या बाई आल्यात!" मला ते आगतस्वागत वाटायचं. एकदा मी मुद्दाम मागच्या बोळानं गेले, तर परड्याच्या कुडावरून पोरं पलीकडच्या घरात पोचवली जात होती. हातोहात, विटांसारखी.

मला फार राग आला. सगळं नीटनेटकं ठेवणारी मी, आणि माझा सगळा प्रबंध ही बाई खोटा करत होती. शनिवारी कॉलेजची जीप सामान घेऊन यायची आणि टपाल घेऊन जायची. मी आमच्या सरांना इंग्रजीत पत्र लिहिलं, पाकीट चिकटवलं आणि जीपच्या ड्रायव्हरांच्या हातात दिलं. त्यांना सगळे चाचा म्हणत.

त्याच दिवशी दिवेलागणीला मी एका घरी राहिलेला प्रश्न विचारायला गेले. बाई सोबत होत्या, पण ओरडायला त्यांना वेळ मिळाला नाही. अंगणात चारेक वर्षांची एक मुलगी भिंतीला हात लावत, चाचपत, आईच्या आवाजाकडे येत होती. वाटेत घागर होती. आम्हाला ती स्वच्छ दिसत होती. मुलगी तिच्यावर आपटली. बाकीची पोरं हसली. तिला ते सवयीचं असावं. ती उठून पुन्हा भिंत शोधायला लागली.

"ही कुणाची?" मी विचारलं.

आई बाईंकडं बघत म्हणाली, "माज्या भनीची. पावणी आलीया."

माझ्या कार्डावर त्या घरात दोन मुलगे होते. ही नव्हती. म्हणजे तिला डोसही नव्हता. आधी संध्याकाळचं दिसेनासं होतं, नंतर बुबुळ जातं, हे मी शिकून आले होते.

बाहेर आल्यावर मी बाईंना म्हणाले, "तुम्ही मुलं लपवता."

"लपवती. मग?"

"ती पोरगी आंधळी होईल!"

बाईंचा चेहरा उतरला. ती मुलगी त्यांनी दिवसा कितीदा पाहिली होती, संध्याकाळी कधी पाहिली नव्हती. तरीही त्या मागं हटल्या नाहीत.

"तुमचं कार्ड कुठं जाणार?"

"माझ्या प्रबंधात."

"त्येच्या म्होरं?"

"कॉलेजच्या कपाटात."

"कपाटाची किल्ली कुणाकडं?"

मला माहीत नव्हतं. दीड वर्ष मी साथरोगांचं शास्त्र शिकत होते, परीक्षेत पहिली आले होते, आणि हे मला कुणी विचारलं नव्हतं.

"आप्रेशन वंगाळ न्हाई," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "बायका आपल्या पायानं आल्या तर मी सोता घिऊन जाती. पर जीपमधनं उचलून न्हेल्यालं माणूस पुन्यांदा दवाखान्याची पायरी चढत न्हाई. मग पोराला ताप आला तरी न्हाई, बाई अडली तरी न्हाई."

आम्ही दोघी उपकेंद्राच्या ओट्यावर बसलो. त्या म्हणाल्या, "पावण्या पोराला औषिद द्याला कायद्याची काय आडकाठी हाय का?"

"नाही."

"मग आखा की रकाना."

मी पट्टी घेतली आणि प्रत्येक कार्डावर एक रकाना वाढवला: पाहुणे. दुसऱ्या दिवसापासून बाई दारात उभ्या राहून विचारायच्या, "घरची किती?"

"दोन."

"आन् पावणी?"

आई आधी बाईंकडं बघायची, मग माझ्याकडं. मग आत हाक जायची आणि कणगीमागून, माच्याखालून पाहुणे बाहेर यायचे. कुणी आपल्याच भावाचा सदरा घातलेला, कुणाचं नाक हुबेहूब आजीचं. एक पठ्ठ्या तर म्हणाला, "मी न्हाई पावणा, मी हितलाच हाय!" बाईंनी त्याच्या तोंडात चमचा घातला. "गप गिळ. पावण्यानं लय बोलू नये."

त्या मुलीला पहिला डोस मी दिला. काही दिवसांनी संध्याकाळी ती भिंत सोडून अंगणातून सरळ चालत आली. बाईंनी तिच्या वाटेत आपली पिशवी ठेवून पाहिली. मुलगी वळसा घालून गेली. तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं नाही. त्यांनी पिशवी उचलून दुसरीकडे ठेवली.

आणि मी? मी सरांच्या उत्तराची वाट पाहत होते. ते पत्र परत मागवायचं धाडस मला झालं नाही. उत्तर आलं नाही. आला तो एक साहेब, वरच्या ऑफिसातला. त्यानं माझी कार्डं चाळली.

"डॉक्टर, इतके पाहुणे? गावात जत्रा आहे का?"

"सुट्टीला पोरं मामाच्या घरी येत्यात, सायेब," बाई म्हणाल्या.

"मी यांना विचारतोय. या मुलांच्या आईबापांची नावं?"

"घेतली नाहीत," मी म्हणाले. "डोसाला वय लागतं, नाव लागत नाही."

साहेबानं कार्डं ठेवली आणि बाईंकडं वळून विचारलं, "तुमच्या केसेस किती?"

"औंदा दोन. दोगी चालत आल्या."

महिन्याच्या आत त्यांची बदली जतच्या टोकाला, कन्नड बोलणाऱ्या गावात झाली. माझा निरोप न घेताच त्या गेल्या. मला वाटलं, त्यांना कळलं. माझं पत्र सरांकडून ऑफिसात गेलं असणार, त्यावरून साहेब आला असणार. रात्रंदिवस तेच डोक्यात. शेवटी एका रविवारी मी एस.टी.नं जत गाठलं. पुढं त्या गावाला गाडी नव्हती. टँकर भरायच्या विहिरीवर चौकशी केली, तर बाई तिथंच, टँकर भरायची वाट बघत बसलेल्या.

"तुमची बदली माझ्यामुळं झाली," मी उभ्या उभ्याच म्हणाले. "मी सरांना पत्र लिहिलं होतं."

"ठावं हाय."

त्यांनी खाकी पिशवीतून एक पाकीट काढलं. माझं अक्षर. तसंच चिकटवलेलं.

"चाचांनी त्याच सांजंला माज्याकडं आणून दिलं. जीपमधनं जाणारं समदं मी बघती. उजेडाला धरलं तर इंग्लिशमदी माजं नाव तेवढं वळखू आलं. पगाराच्या कागदावर असतंय त्ये. बदली केसेस न्हाईत म्हणून झाली. तुमचा काय संबंद?"

म्हणजे रकाना आखताना, चमचे भरताना, साहेबासमोर उभ्या असताना, हे पाकीट त्यांच्या खांद्यावर होतं.

"उघडलं नाही?"

"दुसऱ्याचं पाकीट कसं उघडायचं? आता तुमी आलायसा. वाचा. मराठीत सांगा."

मी ओळींवर बोट फिरवत वाचलं. ही परिचारिका मुलं लपवते. लोकांना आधी सूचना देते. हिच्या माहितीवर विश्वास ठेवता येत नाही. बाई एकदा टँकरच्या नळीकडं, एकदा माझ्या बोटाकडं बघत ऐकत होत्या. मी कागदाची घडी केली.

"एक वळ गाळलीसा," त्या म्हणाल्या.

"नाही..."

"खालनं तिसरी. तुमचं बोट थांबलं न्हाई तितं."

मी घडी उघडली. खालून तिसरी ओळ शोधली. "ती अडाणी आहे," मी वाचलं, "आणि तिला या कामाचं महत्त्व कळत नाही."

"आता बरुबर," बाई म्हणाल्या आणि पदरानं तोंड पुसलं. हसल्या की काय, ते मला पदरामुळं दिसलं नाही.

टँकर भरला. त्या ड्रायव्हरशेजारी चढून बसल्या, पिशवी मांडीवर घेतली. गाडी सुरू झाली तशी खिडकीतून ओरडल्या, "पोरीचा म्होरला डोस कवा?"

"पुढच्या महिन्यात!"

"द्याल?"

"देईन!"

त्यांनी मान हलवली, पण ती होकाराची नव्हती. ऐकून घेतल्याची होती.

पुढच्या महिन्यात मी डोस दिला. त्याच शनिवारी चाचा जीपमधून उतरले आणि जरा संकोचून म्हणाले, "डॉक्टरबाई, जतवरनं निरोप हाय. पोरीनं गिळलं का थुकलं, ते विचारलंय."

"गिळलं म्हणावं. मी तोंड उघडून बघितलं."

चाचा निरोप घेऊन गेले. पुढच्या शनिवारी मी वाट पाहिली, त्याच्या पुढच्याही. बाई परत काही विचारतील असं मला वाटत होतं. मी गावातून निघेपर्यंत त्यांनी काहीच विचारलं नाही; माझा शब्द त्यांनी उलटा करून पाहिला नाही.