स्टँडची पट्टी

सज्जनहो, मन घट्ट करून ऐका. माझ्या दिवंगत बाबांच्या स्कूटरच्या स्टँडची पट्टी मोडली! संपात गिरणी गेल्यावर याच स्कूटरवरून त्यांनी परळभर पापड पोचवून आम्हाला वाढवलं. तसली पट्टी आता कुठे मिळेना. मेकॅनिक म्हणाला, "साहेब, भंगारात द्या."

मी थेट लालबागला, त्यांच्याच गिरणीच्या आवारात निघालेल्या लेझर कटिंगच्या गाळ्यात गेलो. मशीनवर एक म्हातारे गृहस्थ होते. मोडकी पट्टी त्यांनी अंगठ्याने गोंजारली आणि म्हणाले, "होतला. बसा." नाव त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

मशीन सुरू झालं. पत्र्यावर ठिणगी धावू लागली आणि घरघरीत काही ऐकू येईना. तेव्हा ते रिकाम्या कोपऱ्याकडे वळून, आवाज न करता, नुसते ओठ हलवून बोलू लागले. मागांच्या खडखडाटात विणकर असेच बोलत. बाबाही घरी, आम्ही पोरं झोपलो की, आईशी तसेच बोलायचे. पांघरुणातून बघून बघून ती भाषा मला येऊ लागली होती.

ओठ म्हणत होते, "तुझो झील इलो हा. स्कूटर अजून विकूक नाय." झील म्हणजे मुलगा, म्हणजे मीच!

मग ते थांबले. कोपऱ्याकडे टक लावून पाहिलं, मान डोलावली आणि खुदकन हसले.

त्या उकाड्यात माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. खरं तर पळायला हवं होतं. पण मी मशीनच्या वरताण ओरडलो, "अहो, काय म्हणाले बाबा?"